पुरवणी

मराठी भाषेतील काही शब्द मोठ्या गरीब स्वभावाचे असतात. ते कोणाच्या अध्यात नसतात, मध्यात नसतात. कोशाच्या एखाद्या कोपऱ्यात ते अंग चोरून बसलेले असतात आणि काम पडले म्हणजे हाकेसरशी उठून येतात. 'पुरवणी' हा असाच एक शब्द आहे. त्याच्यावर कोणी कविता केल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि त्याच्यावरून कोणाचे भांडण झाल्याचेही नाही.

आम्हा मास्तरांचा आणि ह्या शब्दाचा घरोबा फार जुना. परीक्षेचा दुसरा तास उलटला की वर्गाच्या कोठल्यातरी कोपऱ्यातून एक हात वर होतो आणि "सर, पुरवणी!" अशी आरोळी येते. त्या आरोळीत विजयाचा केवढा तरी आनंद असतो. मुख्य उत्तरपत्रिका भरली, पण माझे सांगणे अजून संपले नाही, असा तिचा अर्थ. बाकीची मुले मान वर करून त्या वीराकडे पाहतात. ज्यांची अजून चार पाने कोरी असतात त्यांच्या पोटात गोळा उठतो. मी पुरवणी नेऊन देतो, तिच्यावर सही करतो आणि बांधायला दोरा पुढे करतो. ह्या व्यवहारात पैशाचा संबंध येत नाही. कलेक्टरच्या मुलाला पुरवणी फुकट आणि सालगड्याच्या मुलालाही फुकट. लिहिण्यासारखे काही जवळ असले म्हणजे झाले.

ह्या शब्दाचे गणगोतही मोठे आहे. रविवारी वर्तमानपत्राबरोबर पुरवणी येते, आणि आमच्या घरी मुख्य अंक बाजूला पडून तिच्यावरच आधी झडप पडते. विधिमंडळाचे अधिवेशन भरले की सरकार पुरवणी मागण्या मांडते. अंदाजपत्रकात जे मावले नाही ते तेथे मावते. नापास झालेल्यांसाठी बोर्डाची पुरवणी परीक्षा असते. तिला तेवढे शुल्क भरावे लागते. ह्या सगळ्या घराण्यात पैसे मागणारी ती एकटीच, असे मी समजून चाललो होतो. माझी ही समजूत माझ्या भाच्याने दूर केली.

भाचा शिक्षणासाठी आमच्याकडे हिंगोलीला राहतो. त्याला संगणकावरील खेळांचा नाद आहे. हा नाद म्हणजे बंदुका चालवण्याचा आणि मोटारी उलथवण्याचा नव्हे. त्याचे खेळ डावपेचांचे असतात. समोर जगाचा नकाशा पसरलेला असतो. त्यातील एक राज्य आपण निवडायचे, शेतसारा बसवायचा, कोठारे भरायची, फौज ठेवायची, शेजाऱ्याशी तह करायचा आणि संधी सापडली की तो मोडायचा. बुद्धिबळाचा पट जगाएवढा मोठा केला, प्रत्येक प्याद्याला पगार लावला आणि प्रत्येक घराला महसूल लावला, म्हणजे जे होईल ते हे खेळ. एकेक डाव महिना महिना चालतो. मी शेजारी बसून पाहतो आणि कित्येकदा मला वाटते, की इतिहासाचा तास घेण्याऐवजी ह्यालाच वर्गात बसवावे. आरमार उभारायला आधी जंगल लागते आणि जंगलाआधी पैसा लागतो, ही गोष्ट त्याला पाठ्यपुस्तकाने कधी शिकवली नव्हती.

एका संध्याकाळी हा मुलगा खेळ समोर उघडा टाकून हनुवटी हातावर ठेवून बसला होता. मी विचारले, "काय रे, हरलास काय?"

"नाही मामा. हरायला खेळ तर पुरा पाहिजे ना!"

"पुरा नाही म्हणजे? पैसे साठवून घेतलास तोच ना हा?"

"तोच. पण आज त्याची डीएलसी आली."

हे नाव ऐकून मला आधी विम्याच्या हप्त्याचीच आठवण झाली. मग त्याने मला समजावून सांगितले. खेळ एकदा विकून झाला की खेळ करणारे त्याच्यासाठी नवा मजकूर तयार करतात: नवी राज्ये, नवे नियम, नवे राजे. हा मजकूर तारेवाटे उतरवून घ्यायचा आणि मूळ खेळाला जोडायचा.

"म्हणजे पुरवणी!" मी म्हणालो.

"हाव मामा, पुरवणीच. पण विकतची."

त्याने मला पडद्यावर एक बटण दाखवले. ते करड्या रंगाचे होते आणि त्याच्या कोपऱ्यात एक बारीकसे कुलूप काढलेले होते. बोट तेथे नेले की 'हे हवे असेल तर पुरवणी घ्या' अशी सूचना उमटे. आदल्या दिवशी ते बटण तेथे नव्हतेच. रात्री खेळाची आपोआप डागडुजी झाली, आणि सकाळी भिंतीत एक नवे दार दिसू लागले. दार आले ते कुलूप घेऊनच आले!

खेळाचे नाव मी सांगत नाही. एकाचे नाव घेतले तर इतरांना उगाच सोवळेपणा मिळतो. पुढे मी ज्या खेळांची नावे घेणार आहे त्यांत भाच्याचा हा खेळ नाही, एवढे मात्र सांगून ठेवतो. मला विचार पडला तो निराळ्याच गोष्टीचा. त्या मुलाच्या जवळून कोणी काही काढून नेले नव्हते. काल जेवढा खेळ होता तेवढा आजही होता. एक प्यादे कमी झाले नव्हते की एक गाव बुडाले नव्हते. तरीही काल रात्री निजताना त्याच्याजवळ पुरा खेळ होता आणि आज संध्याकाळी अर्धा होता. ही वजाबाकी कोणत्या गणिताची, हे मला कळेना. विकणाऱ्याने त्याला काही विकण्यापूर्वी एक वस्तू अगदी फुकट घरपोच केली होती, आणि ती म्हणजे उणेपणा.

मग मी ह्या प्रकरणाची थोडी चौकशी केली. स्वीडनमधील स्टॉकहोम शहरी पॅराडॉक्स नावाची एक कंपनी आहे. तिने 2013 मध्ये 'युरोपा युनिव्हर्सालिस'चा चौथा खेळ बाजारात आणला. 1444 ते 1821 ह्या काळातील सगळे जग त्यात आहे. आपल्या दख्खनचे बहामनी राज्यसुद्धा आहे. ह्या एका खेळाला 2014 पासून 2024 पर्यंत एकामागून एक पुरवण्या निघत राहिल्या. त्या सगळ्यांच्या किमतीची बेरीज मूळ खेळाच्या किमतीच्या कितीतरी पट होते. शेवटी 2021 मध्ये कंपनीनेच अशी सोय काढली, की दरमहा ठरावीक रक्कम भरा आणि सगळ्या पुरवण्या वापरा. म्हणजे वाडा आपला, पण माडी भाड्याची!

ह्या पुरवण्यांची नावे वाचून मला मोठी मौज वाटली. 2014 मध्ये आली ती 'आर्ट ऑफ वॉर', म्हणजे युद्धकला. 2015 मध्ये 'कॉमन सेन्स', म्हणजे व्यवहारज्ञान. 2016 मध्ये 'राइट्स ऑफ मॅन', म्हणजे मानवाचे हक्क. आणि 2018 मध्ये आली तिचे नाव तर चक्क 'धर्म'. ती आपल्या हिंदुस्थानाविषयीची. शाळेत मधल्या सुट्टीत मी ही यादी वाचून दाखवली तेव्हा आमचे गणिताचे शिक्षक म्हणाले, "युद्धकला वेगळी, अक्कल वेगळी, हक्क वेगळे आणि धर्मही वेगळा! मग मूळ खेळात शेतसारा तेवढा राहिला म्हणा की!"

थट्टा सोडून दिली तरी त्या व्यवहारज्ञानाच्या पुरवणीची हकिकत ऐकण्यासारखी आहे. तिच्याबरोबर कंपनीने सर्वांच्या खेळाचे नियम बदलले, आणि हा बदल फुकट होता. एखाद्या प्रांतात किती इमारती बांधता येतील हे ह्यापुढे त्या प्रांताच्या भरभराटीवर ठरावे, असा तो नवा नियम. नियम समंजस होता. पण आपल्या हाताने प्रांताची भरभराट वाढवावी, तर ती सोय विकतच्या पुरवणीत होती. म्हणजे कायदा सर्वांना लागू, आणि त्या कायद्याचा फायदा घेण्याची किल्ली मात्र दुकानात. खेळणाऱ्यांनी त्या वेळी ह्यावरून पुष्कळ आरडाओरड केली, आणि ती मला रास्त वाटते.

पुरवणी दोन जातीची असते, असे माझ्या ध्यानात येऊ लागले ते येथे. घराला एखादी पडवी काढावी, तसा एक प्रकार. पडवी झाली तर चांगलेच, नाही झाली तरी घर घरच असते. दुसऱ्या प्रकारात घरमालक रात्री येऊन जिना काढून नेतो आणि सकाळी तोच जिना विकायला घेऊन येतो.

पहिल्या जातीचे उदाहरण आमच्या पिढीने पाहिलेले आहे. 1999 हे साल आम्हा हिंगोलीकरांना विसरणे शक्य नाही. त्या वर्षी 1 मे रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन आमचा जिल्हा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके त्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरात 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा खेळ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. ह्या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही हे मी जाणतो. पण आमच्या गावात सायबर कॅफे आले आणि तेथे पोरांची गर्दी जमू लागली ती ह्याच खेळाभोवती, आणि म्हणून माझ्या मनात त्या दोघी जोडीनेच राहिल्या आहेत. त्या खेळात तेरा राष्ट्रे होती. पुढल्या वर्षी, म्हणजे 2000 मध्ये, 'द कॉन्करर्स' ही पुरवणी आली आणि तिने आणखी पाच राष्ट्रे दिली. ज्याला हवी त्याने ती चकती घ्यावी. ज्याने घेतली नाही त्याची तेरा राष्ट्रे होती तशीच नांदत राहिली. त्यांच्या वेशीवर कोणी कुलूप आणून लावले नाही. आमचा जिल्हा परभणीची पुरवणी आहे असे कोणी थट्टेने म्हणतात, म्हणोत बापडे. एकाचे दोन झाले, पण दोन्हीकडे पुरा कलेक्टर बसतो आणि पुरी कचेरी चालते. अर्धा कलेक्टर कोणाच्याच वाट्याला आला नाही.

त्या खेळाची पुढची कथाही आमच्या जिल्ह्यासारखीच झाली. मुळात त्यात आपला देश नव्हता. 2013 च्या एका पुरवणीत 'भारतीय' ह्या नावाने तो आला. अवघा देश एका राष्ट्रात बसवलेला होता. 2022 मध्ये 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' ही पुरवणी निघाली आणि ह्या राष्ट्राचे विभाजन झाले. भारतीयांचे नाव बदलून हिंदुस्तानी झाले, आणि बंगाली, द्रविड व गुर्जर अशी तीन नवी राष्ट्रे जन्मली. हिंदुस्तानी जुन्यांनाच मिळाले. बाकीची तिघे विकत. त्यांच्याबरोबर बाबर, राजेंद्र चोळ आणि पाल घराण्यातील देवपाल ह्यांच्या मोहिमा होत्या. ह्या पुरवणीला मी जिना म्हणणार नाही. कारण देवपाल हा नवव्या शतकातील बंगालचा केवढा मोठा राजा होता, हे माझ्या भाच्याला एका मित्राच्या संगणकावर ती मोहीम पाहून कळले, आणि घरी येऊन त्याने मला त्याच्याविषयी विचारले. इतकी वर्षे मास्तरकी करून कोणा विद्यार्थ्याने मला देवपालाविषयी आपण होऊन विचारले, असे दुसरे उदाहरण नाही.

पण त्याचा दुसरा प्रश्न मला पडला तसा तुम्हालाही पडेल. तो म्हणाला, "मामा, इंग्लंड, फ्रान्स बहुतेक खेळांत पहिल्यापासून असतात. आपणच नेहमी मागून कामून येतो? आणि तेही पैसे भरून?"

ह्याचे उत्तर सोपे आहे. खेळ करणारा आपल्या खिडकीतून जे जग दिसते ते आधी रंगवतो. दूरचे जग मागाहून भरतो. आम्हीही गावाचा नकाशा काढताना आधी आपली गल्लीच काढतो. उत्तर सोपे असले तरी मुलाच्या तोंडावरचा प्रश्न काही पुसला जात नाही. आपले घर जगाच्या पुस्तकात आहे, पण परिशिष्टात आहे, हे वाचताना कोणालाही थोडे लागतेच.

म्हणून एका अपवादाची गोष्ट मी त्याला मुद्दाम सांगितली. इंग्लंडात क्रिएटिव्ह असेंब्ली नावाची कंपनी आहे. तिच्या 2009 मधील 'एम्पायर : टोटल वॉर' ह्या खेळात मराठे मूळ पेटीतच होते. वेगळे पैसे नाहीत, वेगळे कुलूप नाही. खेळाला आरंभ होतो 1700 साली, म्हणजे ज्या वर्षी सिंहगडावर राजाराम महाराजांचा अंत झाला आणि औरंगजेबाशी चाललेल्या झुंजीची सूत्रे ताराबाईंनी हाती घेतली त्या वर्षी. इंग्रजांच्या कंपनीने मराठ्यांना अशी बरोबरीची जागा दिल्याचे दुसरे उदाहरण मला तरी इतिहासात आढळले नाही!

ह्याच कंपनीची आणखी एक गोष्ट आहे. 2023 मध्ये तिने आपल्या दुसऱ्या एका खेळासाठी 'शॅडोज ऑफ चेंज' नावाची पुरवणी काढली. मजकूर थोडा आणि किंमत फार, अशी ओरड खेळणाऱ्यांनी केली. त्यांनी कोर्टकचेरी केली नाही. पुरवणी घेतली नाही आणि का घेतली नाही हे मात्र स्पष्ट सांगितले. त्या वर्षाच्या डिसेंबरात कंपनीने जाहीर पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली, त्या पुरवणीत आणखी मजकूर फुकट घालण्याचे कबूल करून पुढील वर्षी तो घातला, आणि 'फॅरो' नावाच्या नव्या खेळाची किंमत उतरवून आधी घेतलेल्यांना काही रक्कम परतही केली. इंग्रजांची कंपनी माफी मागते आणि पैसे परत करते! आमच्या आजोबांना हे सांगितले असते तर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता.

आता दुसरी बाजू. ती मी सांगितली नाही तर माझ्यातल्या मास्तराला अन्याय केल्यासारखे वाटेल. एक खेळ रचायला शेकडो माणसे वर्षानुवर्षे खपतात. खेळ एकदा विकला गेला की त्या माणसांनी पुढे खायचे काय? नव्या पुरवण्या निघतात म्हणून तर जुना खेळ जिवंत राहतो, त्याच्या चुका दुरुस्त होतात आणि ज्यांनी एक पैसाही जास्त दिला नाही त्यांनाही ती दुरुस्ती मिळते. 1999 मधील तो खेळ आजही लोक खेळतात ह्याचे श्रेय अशा पुरवण्यांना दिलेच पाहिजे. कष्टाचा मोबदला मागणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. लेखकाने हवेवर जगावे असे म्हणणारे वाचक मला भेटलेले आहेत, आणि त्यांच्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही.

पण कादंबरीकार म्हणूनच मला एक मर्यादाही दिसते. कादंबरी लोकांना आवडली तर तिचा दुसरा भाग लिहावा. नायकाच्या मुलाची कथा लिहावी, नातवाची लिहावी. वाचकाला हवी तर तो घेईल. पण पहिल्या भागातले शेवटचे प्रकरण काढून ठेवायचे आणि 'नायिकेचे पुढे काय झाले हे हवे असेल तर निराळे पैसे पाठवा' असे छापायचे, हे कोणत्याही लेखकाला शोभणार नाही. त्याहून वाईट म्हणजे, वाचकाच्या कपाटात पडलेल्या जुन्या प्रतीत रात्री शिरून मधली चार पाने बदलून यायचे. पुस्तकाच्या बाबतीत हे शक्य नाही म्हणून आम्ही लेखक सज्जन राहिलो, असेही एखादा म्हणेल. म्हणू द्या. सोय नसल्यामुळे अंगी आलेला सज्जनपणाही काही टाकाऊ नसतो.

आमचा मुलूख हळदीचा आहे. वसमतची हळद तर नावाजलेली. मे-जूनमध्ये लावलेली हळद माघ-फाल्गुनात निघते. मग ती शिजवायची, उन्हात वाळवायची, तिला पॉलिश करायचे आणि मग मोंढ्यात आणायची. नऊ महिने राबलेला शेतकरी मोंढ्यात उभा राहतो तेव्हा भाव पडलेला असला तरी पोत्यात पुरी हळदच असते. हळद आज घ्या आणि तिचा पिवळा रंग पुढल्या महिन्यात निराळ्या पुडीत येईल, असे त्याने सांगितले तर गिऱ्हाईक काय म्हणेल? त्याला मात्र कोणी सांगत नाही, की शहाण्या माणसाने माल थोडा थोडा विकावा.

डावपेचांचे खेळ वाढू नयेत, जसेच्या तसे राहावेत, असेही माझे म्हणणे नाही. बुद्धिबळाचेच पाहा ना. आज वजीर पटावर आडवा, उभा, तिरका कोठेही धावतो. पण मुळात तो तिरके एकच घर चालणारा एक बापुडवाणा कारकून होता. उंट तिरक्या दोन घरांपलीकडे उडी मारी आणि तेथेच थबके. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात ह्या दोघांना नव्या चाली मिळाल्या आणि सगळा खेळ वाऱ्यासारखा वेगवान झाला. डावपेचांच्या खेळांच्या इतिहासात ह्याहून मोठी पुरवणी निघाली असेल असे मला वाटत नाही. आणि तिची किंमत किती? काही नाही. कोणी ती विकली नाही, कोणी कुलूप घातले नाही. ज्याच्याजवळ लाकडाचा जुना वजीर होता त्याने तोच उचलून लांब नेऊन ठेवला. आपल्याकडे जुन्या पद्धतीने खेळणारे पुढेही कित्येक वर्षे प्यादे पहिल्या चालीला एकच घर चालवत, आणि राजाला एकदा घोड्याची उडी मारू देत. त्यांचा खेळही पुराच होता.

2025 च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. अंतिम सामन्यात तिच्यासमोर कोनेरू हंपी होती. दोघींपुढे सोळा सोळा मोहरी होती. एकीच्या बापाने जास्त पैसे भरले म्हणून तिला सतरावे मोहरे मिळाले नाही. खेळाला आपण खेळ म्हणतो ते ह्याच एका गोष्टीसाठी, असे मला वाटते. बाहेरच्या जगात कोणाच्या घरी काय आहे आणि काय नाही ह्याचा हिशेब चोवीस तास चाललेला असतो. पट मांडला की तेवढ्यापुरता तो हिशेब थांबावा, अशी आपली अपेक्षा असते. विकतची पुरवणी हा हिशेब पटावर आणते.

आमच्या गल्लीत हा हिशेब मी पाहिला आहे. भाच्याच्या मित्रमंडळात एका मुलाचे वडील मोंढ्यात हमाली करतात. कोठूनसा जुना लॅपटॉप मिळवून हा मुलगा खेळतो, आणि नकाशा वाचण्यात त्याचा हात धरणारा आमच्या गल्लीत कोणी नाही. पूर्वी ओट्यावर बसून ही पोरे डावांची चर्चा करीत तेव्हा शेवटचा शब्द त्याचा असे. पुढे पुरवण्या आल्या. नवे नियम, नवी नावे, नवी अस्त्रे. मुले बोलू लागली की तो ऐकत राही. "ते माझ्याकडे नाही," एवढे एक वाक्य तो बोलायला शिकला, आणि थोड्या दिवसांनी तेही बोलेनासा झाला. त्याला खेळ येत होताच. पण खेळाची भाषा त्याच्या हातून निसटली होती. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला गप्प बसायला लावणारी वस्तू कितीही सुबक असली तरी तिची किंमत छापील किमतीहून जास्त आहे, असे माझे गणित मला सांगते.

परंतु बाजार जेथे कुलूप लावतो तेथे कधी कधी एखादी खिडकीही ठेवतो. ज्या 'युरोपा युनिव्हर्सालिस'ची मी वर थट्टा केली, त्यात एक मोठी उदार सोय आहे. चारजण मिळून खेळायला बसले तर यजमान जो असेल त्याच्या पुरवण्या त्या डावापुरत्या सगळ्यांना मिळतात. मूळ खेळ मात्र प्रत्येकाजवळ हवा. ही सोय काढणाऱ्या माणसाने आमच्याकडची पंगत कधी पाहिली नसेल; पण तत्त्व तेच आहे. यजमानाच्या घरी जे शिजले ते पंगतीतल्या प्रत्येक पानावर पडते. वाढताना कोणी विचारत नाही, की तुझ्या घरी आज काय शिजले होते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाच्याला ही सोय कोणीतरी सांगितली. लगेच चार पोरे आपापली यंत्रे काखोटीला मारून आमच्या ओसरीवर जमली. ज्याच्याजवळ सगळ्या पुरवण्या होत्या तो यजमान झाला. हमालाचा मुलगाही आला होता. तो बहामनी राज्य घेऊन बसला, आणि पहिला अर्धा तास तो नुसता नवी बटणे उघडून पाहत होता. त्यांच्यावर आता कुलपे नव्हती. मग त्याने मान वर न करता शेजाऱ्याला म्हटले, "तू बंदरं सांभाळ. बाकी मी बघतो."

रात्री डावात कोण जिंकले ते मला ठाऊक नाही. मी लवकर झोपलो. सकाळी उठून पाहतो तो चिवड्याचा मोठा डबा तळापर्यंत गेला होता. हिने काही न बोलता कढई चढवली आणि दुपारपर्यंत त्याची पुरवणी तयार झाली.